ढकलगाडीवरची बैठक

"हात नका लावू, खांदा लावा! हातानं बस हलत नसती, बायांनो. पुढचीच्या पाठीला खांदा, आणि मी म्हणेन तवाच सोडायचं!"

किसनभाऊ आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर होते. नोकरी सोडून ते गावाकडे गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण बंद पडलेलं कुठलंही वाहन दिसलं की मला त्यांचा आवाज ऐकू येतो. कासारवाडीहून चाकणला जाणारी ती पहिल्या शिफ्टची बस मोशीच्या सिग्नलला हमखास बंद पडायची. सेल्फ मारला की नुसती खोकायची. मग आम्ही बायका खाली उतरायचो. पहिली ओळ बसला, दुसरी ओळ पहिलीच्या पाठीला. रस्त्यावरचे पुरुष मोटरसायकली थांबवून बघत उभे राहायचे. उतरून खांदा एकानंही कधी लावला नाही, सल्ले मात्र सगळ्यांनी दिले.

अंजलीला आम्ही उतरू देत नसू. ती सगळ्यांत बारीक, वाऱ्यानं उडेल अशी. तिला आत बसवून सगळ्यांचे डबे तिच्या मांडीवर ठेवायचो. ती खिडकीतून मागं वळून बघत राहायची.

पुढं त्याच बसमधल्या बायकांची फुटबॉलची टीम झाली. त्याचंही श्रेय कंपनीला द्यायला हवं. महिला दिनाला दरवर्षी डबे नाहीतर साड्या वाटायचे. एका वर्षी कोणा साहेबाच्या डोक्यात काहीतरी नवीन आलं आणि त्यानं फुटबॉल वाटले. फोटो काढले, पेपरात दिले, विषय संपला. साहेबांच्या दृष्टीनं संपला. आमच्या बायका रविवारी रेल्वेलाइनकडेच्या मोकळ्या जागेत खेळायला लागल्या. माझी मुलगी आम्रपाली तेव्हा नुकतीच त्याच कंपनीत लागली होती, ती कॅप्टन झाली. स्पर्धेत नाव द्यायचं तर टीमला मॅनेजर लागतो, आणि रिटायर झाल्यामुळे शिफ्ट नसलेली मी एकटीच. म्हणून मी मॅनेजर. मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की चेंडू जाळ्यात गेला की ओरडायचं, आणि मी तर ओरडतही नाही.

ढकलगाडी ही त्या बसचीच लेक. चेंडू गोलाच्या तोंडाशी आला की अंजली तो दोन पायांत धरायची आणि कमरेत वाकायची. मागून आम्रपाली तिच्या पाठीला खांदा लावायची, तिच्या मागं तेजस्विनी, तिच्या मागं बाकीच्या. मग सगळी गाडी एकदम पुढं. अंजली बदकासारखी दोन-दोन बोटं सरकत चेंडूसकट जाळ्यात. समोरच्यांना चेंडू दिसतच नाही, तर काढणार कुठून? सात-सात जणींचा खेळ, त्यात पावसाळ्याचं मैदान, चिखलात सगळ्या घसरतात. आमच्या घसरत नसत, कारण एकीचा भार दुसरीवर असे.

चऱ्होलीच्या स्पर्धेत उपान्त्य सामना आम्ही असाच जिंकला. एक गोल, तोही शेवटच्या घटकेला. आणि तिथंच सगळं बिघडलं, कारण हरलेली टीम सोपानरावांच्या मुलीची होती.

सोपानराव म्हणजे चऱ्होलीतलं जुनं घराणं. अर्धी जमीन सोसायट्यांना गेली, उरलेली अर्धी पुढच्या वर्षी जाईल. तोवर तिथं महिलांचा फुटबॉल. स्पर्धा त्यांच्या वडिलांच्या नावानं असली तरी फ्लेक्सवर वडिलांचा फोटो पासपोर्टएवढा आणि सोपानरावांचा दारूच्या बाटलीवरच्या राजासारखा. मुलगी उत्कर्षा गोलकीपर. तिच्या टीमला आयुष सर नावाचे कोच, प्रत्येकीला नावाचा टी-शर्ट आणि पाणी पिण्याची वेगळी बाटली. आमच्या टीमला एक बादली आणि मी.

संध्याकाळपर्यंत स्पर्धेच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आला. "हा फुटबॉल आहे की शिमगा?" "बायकांनी असं एकमेकींना चिकटायचं म्हणजे संस्कृती काय राहिली?" हे लिहिणारे गृहस्थ रोज सकाळी त्याच ग्रुपवर नटीचे फोटो टाकून सुप्रभात म्हणतात. एकानं लिहिलं, खेळाचा आत्मा मेला. आत्मा ही वस्तू आमच्या धम्मात मानत नाहीत, त्यामुळे मी तिचा शोक केला नाही. शेवटी सोपानरावांचा स्वतःचा मेसेज आला: ढकलगाडीवर बंदी आणायची का, आणि आणली तर तो गोल रद्द करायचा का, हे ठरवायला शनिवारी दुपारी त्यांच्या घरी कमिटीची बैठक. अंतिम सामना बैठकीनंतरच्या आठवड्यात, रविवारी.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंजली विहारात आली. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताचे तीन महिने चालू होते, त्यामुळे वंदनेला रोज बरीच माणसं असतात. त्रिसरण झालं, पंचशील झालं, सगळ्यांनी पंचांग प्रणाम केला आणि उठून बसले. अंजली उठली नाही. कपाळ जमिनीला टेकलेलं, दोन्ही हात पुढं, तशीच. मला वाटलं श्रद्धा आहे. मग तिच्या पाठीची थरथर दिसली.

मी तिला बगलेत हात घालून उठवायला गेले तर ती विव्हळली. "तिथं नको, मावशी."

सगळे गेल्यावर तिनं झंपर वर करून दाखवलं. डाव्या बाजूला, छातीखाली, जांभळा-काळा डाग पसरला होता. गोल झाला तेव्हा मागून सगळ्यांचा रेटा आणि पुढून उत्कर्षाचा गुडघा. उत्कर्षाची चूक नव्हती, ती तिची जागा सोडणार कशी?

"कोणाला सांगू नका."

"डॉक्टर?"

"डॉक्टर नको म्हणेल. मावशी, फायनल होऊ द्या. मग जाते, तुमची शपथ."

"माझी शपथ घेऊ नकोस, मी काय देवी आहे? हे बघ अंजली, मी होऊन कोणाला सांगणार नाही. पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. माझं शील आहे."

"कोण विचारतंय?" ती म्हणाली, आणि हसायला गेली ते तसंच राहिलं.

आता माझी अडचण बघा. टीमची मॅनेजर म्हणून मला बैठकीत ढकलगाडीची बाजू मांडायची होती. आम्रपालीनं मला मुद्दे पाठ करायला दिले होते. आणि मनातून मला वाटत होतं की त्या लोकांनी एकदाची बंदी आणावी. त्यांच्या मूर्ख कारणांनी आणली तरी चालेल, पण ही पोर रविवारी त्या रेट्यात वाकायला नको. ज्यांच्याबद्दल मनात चांगला विचार आणायला मला वंदनेनंतर वेगळं बसावं लागतं, त्यांच्याच बाजूनं कौल लागावा म्हणून मी गुपचूप आस लावून होते.

शनिवारी पौर्णिमा होती, मला अष्टशील होतं. दुपारनंतर अन्न नाही. सोपानरावांच्या दिवाणखान्यात कांदाभजी आणि चहा फिरत होता. मी हात जोडले.

"का हो मॅनेजरबाई," सोपानराव म्हणाले, "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुमाला?"

सगळे हसले. त्या घरात हा प्रश्न आमच्या माणसाला या बाजूनं विचारला जातो आहे, हे पाहायला माझी सासू असायला हवी होती. तिला त्यांच्या वडिलांच्या काळात पाणीसुद्धा अंगणातच मिळायचं. मी म्हटलं, "उपवास आहे. पाणी घेईन." पाणी आलं, काचेच्या ग्लासात. मी ते सावकाश प्यायले.

भिंतीवर बैलांचे फोटो होते. गळ्यात हार, शिंगांना गुलाल, शेजारी ढाल घेतलेले सोपानराव. बैलगाडा शर्यतीच्या घाटात त्यांच्या घराण्याची गाडी नामांकित. खोलीत फुटबॉलचा एकही फोटो नव्हता.

आयुष सरांनी लॅपटॉप उघडला. "मी फ्रेम बाय फ्रेम घेतो. इथं बघा, बॉल आहे? नाही. इथं? नाही. बॉल दिसतच नाही, सर! फुटबॉलमध्ये बॉल दिसत नसेल तर मग आपण नेमकं काय बघतोय?"

"बायका बघतोय," मागून कोणीतरी पुटपुटलं. परत हशा.

"पॉइंट असा आहे," सर पुढं म्हणाले, "की यात स्किल नाही. माझ्या मुली दोन वर्षं पासिंग शिकतायत. ट्रँगल, मूव्हमेंट, स्पेस. आणि हे काय? हे म्हणजे बंद पडलेली बस ढकलल्यासारखं आहे."

आम्रपाली माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या कानात म्हटलं, "आई, याला सांग ना की बसच आहे ती." मी तिचा हात दाबला.

सामन्याचे पंच एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. त्यांना विचारलं तेव्हा ते उठले आणि म्हणाले, समोरच्याला ढकललं तर फाउल आहे, आपल्याच माणसाला ढकलू नये असं पुस्तकात सापडलं नाही. सोपानराव म्हणाले, "मग पुस्तक जुनं आसंल." पंच खाली बसले. त्यांनी भजं घेतलं.

मग एकेकाला कंठ फुटला. एक म्हणाला, आज ढकलतायत, उद्या उचलून नेतील. दुसरा म्हणाला, लहान मुली बघतात, त्यांच्यावर काय परिणाम होतो? काय परिणाम होतो हे त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून तोही थांबला. तिसऱ्यानं आपण कॉलेजात असताना घातलेला एक गोल सांगितला, सविस्तर. चौथा म्हणाला, मुळात बायकांनी खेळावं, पण शोभेल असं. एवढी मोठमोठी माणसं, त्यांच्या गाड्या बाहेर रस्ता अडवून उभ्या, आणि तासभर चर्चा कशाची तर शोभेची. पुढं वाकणाऱ्या बाईचं नावसुद्धा कोणाच्या तोंडी आलं नाही. सगळे तिला 'ती पुढची' म्हणत होते.

अंजली दाराजवळ उभी होती. तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही. बसायला वाकावं लागतं.

"मॅनेजरबाई, बोला आता. तुमचं काय म्हननं?" सोपानराव म्हणाले.

मी उभी राहिले. आम्रपालीचे मुद्दे मला पाठ होते. पंचांचं पुस्तक, निकाल लागल्यावर नियम बदलता येत नाही, वगैरे. पण मला अंजली दिसत होती, एक हात नकळत डाव्या कुशीवर ठेवून उभी.

"तासभर झाला," मी म्हटलं, "पण जी पुढं असते तिच्याबद्दल अजून कोणी काही विचारलं नाही. ते कोणी विचारणार आहे का?"

माझा आवाज मुळातच लहान. सोपानरावांनी कानाला हात लावला. मला परत म्हणावं लागलं.

मला वाटलं, आता विचारतील. तिला लागलं का, एवढे तीन शब्द. मग आयुष सरांनी टिचकी वाजवली.

"सेफ्टी! गुड पॉइंट, मॅडम. पॉइंट ऑफ सेफ्टीनंही हे बॅन व्हायला हवं. हे तर त्यांच्याच मॅनेजरनं मान्य केलं!"

"मान्य झालं! मान्य झालं!" चारी बाजूंनी आवाज आले. कोणी अंजलीकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्रपालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा ग्लास पुन्हा उचलला. त्यात पाणी नव्हतं.

"मग ठरलं," सोपानराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "बंदी. लिही रे पिंटू."

पिंटू त्यांचा पुतण्या. बैल तोच सांभाळतो, मिनिट्सही तोच लिहीत होता. त्यानं मोबाइलवर दोन शब्द टाइप केले आणि थांबला.

"आबा, बंदी नगं लिव्हायला."

"का रं?"

"आपन गाड्यावरच्या बंदीच्या इरोधात हायवेवर बसलो व्हतो. तुमी माइकवर काय म्हनला व्हता? शहरात बसून बंदी घालनाऱ्याला मातीतला खेळ काय कळनार. त्यो व्हिडिओ अजून फिरतोय. आता तुमीच बंदी घातली तर लोक त्यो आन् हा शेजारी-शेजारी लावतील. इलेक्शन तोंडावर हाय."

सोपानरावांनी भिंतीवरच्या बैलांकडे पाहिलं. बैलांनी काही सुचवलं नाही. मघापासून ज्यांना खेळाच्या आत्म्याची काळजी होती त्या सगळ्यांना आता एका व्हिडिओची काळजी लागली. आत्मा जागच्या जागी राहिला. मूठभर पुरुष एका शब्दाला इतके घाबरलेले मी आधी पाहिले नव्हते.

"मंग करायचं काय?" सोपानराव म्हणाले.

"गाड्याला काय केलं? बंदी न्हाई, अटी. तसंच करायचं." पिंटूनं मोबाइलमध्ये शर्यतीच्या परवानगीचा जुना अर्ज शोधला आणि वाचायला लागला. "'सहभागी होनाऱ्या प्रत्येक बैलाची डॉक्टरकडून तपासनी करून तंदुरुस्तीचा दाखला सादर करावा.' हितं बैल काढायचा आन् खेळाडू घालायचा. 'बैलाला चाबूक, काठी किंवा इतर साधनाने मारू नये.' ह्ये राहू द्या, बिघडत न्हाई. 'बैलाला उत्तेजक पदार्थ...'"

"राहू द्या," पंच म्हणाले. ते पहिल्यांदाच आपण होऊन बोलले.

असा तो ठराव झाला. बंदी नाही. गोल कायम. मात्र अंतिम सामन्यात ढकलगाडी करायची असेल तर पुढच्या खेळाडूनं पुढच्या शनिवारपर्यंत डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला मॅनेजरच्या सहीनिशी द्यावा. पिंटूनं मसुदा ग्रुपवर टाकला तेव्हा एका कलमात बैल तसाच राहून गेला होता, 'बैलास सामन्यापूर्वी पुरेशी विश्रांती द्यावी.' कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी अंगठे दिले.

आणि मला काय वाटलं सांगू? त्या सगळ्या बैठकीत एकच शहाणपणाची गोष्ट झाली, आणि ती बैलांच्या अर्जातून आली.

फाटकाशी उत्कर्षा आली. ट्रॅकसूटमध्ये, केस ओले. बैठकीला तिला कोणी बोलावलंच नव्हतं. खरं तर त्या गोलाच्या वेळी सगळ्यांत जवळ तीच होती.

"काकू, ती पुढची... अंजलीताई ना? तिला बरं आहे का? माझा गुडघा लागला तेव्हा तिच्या तोंडातून एक आवाज आला होता. माझ्या डोक्यातून जात नाहीये."

विचारलं. शेवटी एकीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरं नाही तिला."

तिनं मान खाली घातली. "पप्पांना सांगू?"

"नको. तू विचारलंस, पुष्कळ झालं."

परतीच्या बसमध्ये आमच्या टीमचा नुसता उत्सव. गोल कायम राहिला होता. आम्रपाली माझ्यावरचा राग विसरली. "दाखल्याचं टेन्शन घेऊ नका गं. चिंचवडात एक डॉक्टर आहे, तो तोंडसुद्धा बघत नाही. नाव सांगायचं, शिक्का घ्यायचा. बैलालासुद्धा देईल!"

अंजली सगळ्यांत जोरात हसली, आणि मग कूस धरून खिडकीकडे वळली.

उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "शिक्का नाही. खरा डॉक्टर. मी येते बरोबर."

"मावशी, तुम्ही म्हणाला होता सांगणार नाही."

"मी एकाच मुलीला सांगितलं, तिनं विचारलं म्हणून. पण आता दाखल्यावर सही माझी आहे. मॅनेजर म्हणून मी खोट्यावर सही करू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमचं शील आणि माझी बरगडी," ती म्हणाली. "बरी गाठ पडली."

तरी ती आली. एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडाला धरला आणि पेनानं दाखवलं: बरगडीला चीर. दीड महिना जड उचलायचं नाही, खेळायचं तर नावच काढायचं नाही. आणखी एक रेटा बसला असता तर आतमध्ये टोचली असती, असं त्या अगदी सहज म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर बाकावर अंजली तो फोटो मांडीवर घेऊन बसली.

"आता पुढं कोण? तेजस्विनी?"

"आम्रपालीनं तसं ठरवलंय वाटतं."

"ती उंच आहे. तिच्या पायातून चेंडू सुटेल." मग थोड्या वेळानं, "तिचे हात लांब आहेत, पण. शिकेल."

मी पिशवीतली पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.

"मावशी, तुम्हाला हसू येईल. त्या बसला धक्का द्यायच्या तेव्हा मला आत बसवायच्या सगळ्या. डबे धर म्हणायच्या. मी रोज मागच्या काचेतून बघायची, तुमच्या पाठी वाकलेल्या. आणि हितं सगळ्या माझ्या मागं. एवढा भार, आणि सगळा माझ्यासाठी. गोल झाला ना, तेव्हा दुखलं ते मला कळलंच न्हाई. असं वाटलं अख्खी कासारवाडी पाठीशी हाय." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "आता ती जागा तेजस्विनीची."

मी तिच्या मांडीवरचा फोटो उचलला. हाडं म्हणजे किती बारीक असतात! आमच्या सगळ्यांचा रेटा या एवढ्याशा पिंजऱ्यावर आला होता. आणि माझी मुलगी त्या रेट्यात सगळ्यांत पुढं. अंजलीच्या पाठीला लागलेला पहिला खांदा तिचा.

"कोणाचीच नाही," मी म्हटलं. "रविवारी तिथं कोणी वाकणार नाही. तेजस्विनीच्या बरगड्या काय लोखंडाच्या आहेत? ढकलगाडी होणार नाही."

"म्हणजे बंदी?" अंजली हसली आणि कूस धरली.

"बंदी कमिटीला जमली नाही, मला कुठून जमणार? आपण करणार नाही, एवढंच. सामन्याआधी मी जाऊन सांगेन त्यांना. तुला शब्द देते."

"ते हसतील, मावशी."

"हसतील."

"आम्रपाली तर तुमच्याशी बोलणारच न्हाई."

"ते मला सवयीचं आहे."

आम्रपाली बोलली, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. मी फोटो तिच्यापुढं टेबलावर ठेवला होता. तिनं तो पाहिला आणि लगेच नजर काढली. "बैठक आपण जिंकलो, आई! सगळे तोंडावर आपटले. आणि तू त्यांच्या दारात जाऊन सांगणार की आम्ही नाही करत? तो कोच म्हणेल, बघा, मी म्हणत होतो. सोपानराव तर त्याचाही फ्लेक्स लावतील."

"लावू देत."

"आणि हरलो तर?"

"हरू."

"अंजलीसाठी वाईट वाटतंय मला. पण तेजस्विनी तयार आहे. तिनं स्वतः सांगितलंय."

"अंजलीही तयारच होती," मी म्हटलं. "बाळा, पहिला खांदा तुझा होता ना?"

तिनं फोटो परत हातात घेतला, या वेळी जास्त वेळ. मग तो टेबलावर पालथा ठेवला. "तूच सांग जाऊन. माझ्यानं त्या लोकांसमोर नाही सांगवणार." आणि आतल्या खोलीत गेली.

मला तरी कुठं सांगवणार होतं? मला दिसत होतं कसं होईल ते. सोपानराव सोफ्यावर एक पाय वर घेऊन बसलेले असतील. आयुष सर म्हणतील, व्हेरी मॅच्युअर डिसिजन, मॅडम. ज्यांनी तासभर शोभेवर भाषणं दिली ते म्हणतील, बघा, शेवटी पटलं बाईंना. पटलं वगैरे काही नाही, तुमच्यापैकी एकाचंही म्हणणं कणभर खरं नव्हतं, हे मला सांगता येणार नाही, कारण या तीन महिन्यांत कोणाला टोचून बोलायचं नाही असं मी भन्तेंपुढं कबूल केलं आहे. लिहायचं नाही असं कबूल केलेलं नाही.

रविवारी सकाळी वंदना लवकर केली. दिवा लावला, फुलं वाहिली, पांढरी साडी नेसले. आम्रपाली उठली होती. तिच्या खोलीत बुटांच्या लेस बांधण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. फोटोचा लिफाफा पिशवीत ठेवला, वर छत्री ठेवली, पायात चपला घातल्या आणि दार हळूच ओढून चऱ्होलीच्या बसला निघाले.